लिव्हरसाठी रस आणि काढे: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी चोपडा तालुक्यात मेडिकल चालवतो. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातली माणसं आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून उतरलेली माणसं, दोन्ही माझ्या दुकानात येतात. औषध घेऊन होतं, पैसे देऊन होतात, तरी पाय हलत नाही. पिशवी हातात धरून एक प्रश्न येतोच: "भाऊ, लिव्हरसाठी काही प्यायचं असेल तर?" तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली.

सरळ सांगा, रस-काढ्यांनी लिव्हर विषापासून वाचतं का?

विष पोटात गेल्यावर वाचवेल असा रस, काढा किंवा सरबत नाही. विष येण्याआधी, रोज, वर्षानुवर्षं घेतल्यावर थोडा फरक पडत असावा असं काही पेयांबद्दल म्हणता येतं. त्यातही सगळ्यात चांगला पुरावा कॉफीचा आहे आणि आमच्या भागात कॉफी लागते ती फक्त पाहुण्याला. एवढं उत्तर पुरत असेल तर इथंच थांबा. माझा अनुभव असा की पुरत नाही. माणूस पायरी उतरतो आणि परत वर येतो: "पण भुई आवळी तरी?"

बाटलीवर तर "प्रयोगशाळेत सिद्ध" असं छापलेलं असतं. ते खोटं असतं का?

बहुतेकदा खोटं नसतं, अर्धं असतं. असा प्रयोग कसा होतो ते एकदा समजून घ्या, मग अशा जाहिराती वाचताना आपोआप हसू येईल.

उंदीर घेतात. आठवडाभर त्यांना वनस्पतीचा अर्क पाजतात. मग कार्बन टेट्राक्लोराइड देतात. हे रसायन एकेकाळी कपडे ड्रायक्लीन करायला आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरत. नाहीतर पॅरासिटामॉलचा दणदणीत डोस देतात. मग रक्त काढून एसजीपीटी मोजतात. लिव्हरच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात सांडतं. अर्क प्यालेल्या उंदरांचं एसजीपीटी कमी भरतं आणि पेपर छापून येतो. आवळा, माका, पुनर्नवा, बीट, अंबाडीची लाल बोंडं, केळीचा खांब अशा कितीतरी वनस्पती या परीक्षेत पास झाल्या आहेत. इतक्या पास झाल्या की परीक्षाच सोपी असावी असा संशय यावा.

मेख अशी आहे. पॅरासिटामॉल काय किंवा कार्बन टेट्राक्लोराइड काय, मूळ रूपात लिव्हरला फारसं जाळत नाही. लिव्हरमधली एन्झाइमं त्याची फोड करतात आणि त्या फोडीतून निघालेला तुकडा पेशी जाळतो. पॅरासिटामॉलचा हा तुकडा थोडा असेल तोवर ग्लुटाथायोन नावाचा लिव्हरमधलाच पदार्थ त्याला धरून निकामी करतो. ग्लुटाथायोनचा साठा आटला की पेशी मरू लागतात. पुष्कळशा वनस्पतींचे अर्क फोड करणाऱ्या एन्झाइमांनाच मंद करतात, त्यामुळे जाळणारा तुकडा मुळात कमी तयार होतो. पण हे जमतं अर्क आधी पोटात असेल तर. तुकडा तयार होऊन पेशी जळून गेल्यावर त्या एन्झाइमांना मंद करून काय उपयोग?

म्हणजे उंदराला आधी रस, मग विष. आपल्याकडे आधी विष, मग दोन दिवस "बघू, उतरेल", आणि मग रस.

डोसचंही बघा. अशा प्रयोगांत शरीराच्या वजनाच्या किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क देतात. ६० किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर १२ ते २४ ग्रॅम सुका अर्क होतो. (उंदरावरून माणसाचा डोस असा सरळ गुणाकारानं काढत नाहीत, पण अंदाज येतो.) आपल्या कपातल्या काढ्यात त्याच्या आसपास काही नसतं.

माणसांवर कोणी प्रयोग केलेच नाहीत का?

केलेत, आणि फार छान केलेत. चीनमध्ये शांघायजवळ छिदोंग नावाचा भाग आहे. तिथं लिव्हरचा कॅन्सर खूप होता. कारणं दोन: हिपॅटायटिस बीचा विषाणू आणि मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष. तिथल्या सुमारे २०० लोकांचे दोन गट करून एका गटाला दोन आठवडे रोज रात्री ब्रोकोलीच्या मोडांचं गरम पाण्यातलं पेय दिलं. ब्रोकोली म्हणजे आपल्या फ्लॉवरची हिरवी बहीण. या कुळातल्या भाज्यांतून सल्फोराफेन नावाचा पदार्थ मिळतो आणि तो लिव्हरची विष बांधून बाहेर टाकणारी यंत्रणा जागी करतो. २००५ मध्ये निकाल छापून आला. ज्यांच्या शरीरात तो पदार्थ जास्त शोषला गेला त्यांच्यात अफ्लाटॉक्सिनची खूण कमी दिसली, पण पेय घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांत एकूण फरक निघाला नाही. माणसामाणसात शोषण इतकं वेगळं निघालं की हिशेबच लागेना. पुढे २०११-१२ मध्ये २९१ जणांच्या प्रयोगात एका गटाला १२ आठवडे तेच पेय अननस आणि लिंबाच्या रसात मिसळून दिलं. तेव्हा त्या गटात हवेतून शरीरात जाणारं बेन्झिन नावाचं विष ६१ टक्के जास्त बाहेर टाकलं गेलं. हा खरा परिणाम आहे, माणसांतला आहे, मी तो मानतो.

आता त्याच छिदोंगमधली दुसरी गोष्ट. तिथं लिव्हरच्या कॅन्सरचे मृत्यू पुढे बरेच घटले. ते पेयामुळे घटले नाहीत. १९८० च्या दशकात लोक मका सोडून तांदूळ खायला लागले आणि रक्तातलं अफ्लाटॉक्सिन जवळजवळ दिसेनासं झालं. शास्त्रज्ञ मोड उकळत होते तोवर ताटातला मका निघून गेलेला होता.

मग कॉफीचं काय? रोज किती?

ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचा दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा जुनाट आजार २१ टक्के कमी आणि त्यानं होणारे मृत्यू ४९ टक्के कमी निघाले. अभ्यास २०२१ चा. फायदा दिवसाला तीन-चार कपांच्या आसपास जास्तीत जास्त होता. अर्थात हे निरीक्षण आहे. कॉफी पिणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो, त्यामुळे कॉफीनंच हे झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आवडत असेल तर कमी साखरेची प्या. चहा सोडायची गरज नाही. आमच्याकडे अर्ध्या कपात दोन चमचे साखर घालतात, ती मात्र निम्मी करा. लिव्हरवर चरबी चढायला साखर पुरेशी आहे, त्यासाठी दारू प्यावी लागत नाही.

खान्देशात लिव्हरला विष मिळतं तरी कुठून?

दारूचं नाव सगळे घेतात, ते बरोबरच आहे. मला जास्त काळजी वाटते ती कोणी नाव न घेणाऱ्या गोष्टीची. ती म्हणजे भिजलेला मका.

परतीचा पाऊस काढणीत आला की कणसं ओली राहतात. शेतकरी ढीग करतो, वर प्लास्टिक टाकतो, आत वाफ धरते. चार दिवसांनी प्लास्टिक उचललं की कणसाच्या टोकाकडच्या दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी दिसते, बोटाला लागते. ती अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. व्यापारी तो माल पाडून मागतो, मग "घरी खायला ठेवू, कोंबड्यांना घालू" असं ठरतं. चांगला मका बाजाराला, काळा पडलेला घराला. हा हिशेब मी माझ्या चुलत्यांच्या खळ्यावर डोळ्यांनी पाहिलाय.

याचं टोक काय असू शकतं ते १९७४ साली आपल्या शेजारी दिसलं. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसानं मका भिजला आणि तोच लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरातलं उष्टं खाणारी कुत्रीही मेली. नंदुरबारहून पंचमहाल काही परदेशात नाही.

अफ्लाटॉक्सिन भाकरी भाजून जात नाही, कुकरच्या शिट्टीनं जात नाही आणि वर कुठलाही रस प्यालात तरी जात नाही. करायचं ते आधी. कणसं पसरून कडक वाळवायची. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. बुरशीचा, सुरकुतलेला, काळपट दाणा निवडून टाकायचा आणि तो गुरांनाही घालायचा नाही. शेंगदाण्याचं तेच. मूठभर दाण्यांत एक कडवट लागला तर आपण तोंड वाकडं करून गिळतो आणि वर गुळाचा खडा खातो. थुंका तो. कधीतरी थोडं विष गेलं तर लगेच काही होत नाही, पण रोजचं थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं की कॅन्सरचा धोका वाढतो. अंगात हिपॅटायटिस बी असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बाळाला जन्मतः मिळणारी हिपॅटायटिस बीची लस चुकवू नका. लिव्हर वाचवणारं इतकं खात्रीचं दुसरं काही माझ्या दुकानातही नाही.

गुरांना घातलेल्या सरकी ढेपेचा याच्याशी काही संबंध?

आहे. ढेप ओलसर जागी ठेवली आणि बुरशी धरली की गाईच्या पोटात गेलेलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, तेही एक-दोन दिवसांत. आपल्याकडे दुधातली त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळून ते निघत नाही. ढेपेचं पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि वास आला तर फेका.

कावीळ झाल्यावर उसाचा रस, माळ, नाकातलं औषध यानं लोक बरे होतात. ते डोळ्यांनी पाहिलंय.

मीही पाहिलंय. काउंटरवर कोणी "पोऱ्याले कावीय व्हयेल शे" म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं: अमुक गावाला माळ घालायला नेलं होतं.

आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. बहुतेकांची ती चार ते सहा आठवड्यांत आपली आपण ओसरते. त्या काळात तुम्ही जे कराल त्याला श्रेय मिळतं. माळ घाला, उतारा करा, रस प्या किंवा नुसते पडून राहा. माळेच्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते आणि आपल्याला वाटतं कावीळ उतरतेय. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, कारण आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. निरोगी माणसाच्या हातानंही ते पिवळं होतं. करून बघा. देवडांगरीचा रस नाकात टाकला की पिवळं पाणी वाहतं, कारण नाकाची आतली त्वचा सोलवटते. लिव्हरमधली कावीळ नाकावाटे निघत नाही.

माळेनं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते वेळेचं. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेततो, तिथं माळेसाठी घालवलेले चार दिवस महाग पडतात. झोप अनावर होणं, बरळणं, दिवसा झोप आणि रात्री जाग येणं, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, उलटी थांबत नाही, पोट फुगतंय: यातलं एक जरी दिसलं तरी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लगेच हलवा. गाडीसाठी १०८.

उसाच्या रसाबद्दल एवढंच: त्यात साखर आणि पाणी आहे. तोंडाला चव नसताना पोटात काही जातं, म्हणून बरं वाटतं. मधुमेह असलेल्याला मात्र नको, एका मोठ्या ग्लासात सात-आठ चमचे साखर सहज असते. आणि बर्फ बघून घ्या. ज्या पाण्यानं कावीळ झाली तसल्याच पाण्याचा बर्फ घातलेला रस कावीळ बरी करायला पाजताना मी लोकांना पाहिलंय.

आणखी एक. हळद, तेल, वरण बंद करून रुग्णाला महिनाभर उकडलेल्या भाजीवर ठेवू नका. कळण्याची भाकरी, वरण, भरीत, पचेल ते थोडं थोडं द्या. लिव्हरला सावरायला प्रथिनं लागतात.

भुई आवळी?

चेन्नईच्या संशोधकांनी १९८८ मध्ये हिपॅटायटिस बी असलेल्यांना भुई आवळीची पूड दिली आणि निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली असं छापलं. जगभर गाजलं. नंतर इतरांनी तोच प्रयोग केला, त्यांना ते जमलं नाही. भुई आवळी त्रास सहसा देत नाही, पण तिच्या भरवशावर हिपॅटायटिस बीची तपासणी आणि गोळी टाळू नका.

गुळवेल तर अमृता आहे. तिनं लिव्हर कसं बिघडेल?

मलाही तसंच वाटायचं. लॉकडाउनात माझी मावशी रोज दोन वेळा गुळवेलीचा काढा घ्यायची. वेलाचे बोटभर तुकडे, पापुद्र्यासारखी साल, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. पाचव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. कुठल्याच विषाणूची तपासणी लागली नाही. तिला थायरॉइडचा जुना त्रास होता, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या जातीचा. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला. सव्वादोन महिन्यांनी एसजीपीटी जागेवर आलं. घरात अजून कोणी उघड मान्य करत नाही की ते काढ्यानं झालं, पण फ्रिजमधली पिशवी गेली.

ती एकटी नव्हती. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असे सहा रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतले मिळून ४३ रुग्ण छापून आले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल वापरला गेला असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. हा मुद्दाही खोटा म्हणता येत नाही. पण मग कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करायचं? माझं मत: थायरॉइड, संधिवात, त्वचेचा असा स्वतःवर उलटणारा आजार असेल तर गुळवेल नकोच. इतरांनीही महिनोन्महिने नको.

हळदीच्या मिरीयुक्त कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, अश्वगंधा यांच्यामुळेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डाळीतली हळद आणि कपातला ग्रीन टी वेगळा. घात होतो तो अर्क घट्ट करून गोळीत भरल्यावर.

सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस?

रस काढण्याआधी दुधीची फोड जिभेवर ठेवा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. काकडीचंही तसंच. या कुळातल्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन वाढतं. त्यानं उलट्या होतात, पोटात रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. दुधीच्या कडू रसानं माणसं मेली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं तपासून हाच सल्ला दिला: कडू असेल तर पिऊ नका आणि दुसऱ्या रसात मिसळून चव झाकू नका. "कडू म्हणजे औषधी" हे दुधीला लागू नाही.

केळीच्या खांबाचं पाणी? आमच्याकडे फुकट मिळतं.

मूतखड्यासाठी पितात, आता लिव्हरसाठीही विचारतात. उंदरांवरचे निकाल आहेत, माणसांवरचं सांगण्यासारखं काही नाही. माझी अडचण वेगळी आहे. घड उतरवल्यावर जो खांब कापतो त्याच्या बुडाशी महिन्यांपूर्वी दाणेदार औषध टाकलेलं असतं, वरून फवारे झालेले असतात. मुळातून झाडभर पसरणारी औषधं खांबातच तर चढतात. परसातल्या, काही न मारलेल्या केळीचं घ्यायचं तर घ्या. बागेतलं नको.

रोज दारू घेतो, पण सकाळी आवळ्याचा रसही घेतो. चालेल?

हा प्रश्न विचारणारा नेहमी दुसऱ्याचं नाव सांगतो, "माझा एक दोस्त आहे" वगैरे. नाही चालत. मोहाची असो, देशी असो की बाटलीतली महागडी, लिव्हरला ब्रँड कळत नाही. आवळ्यानं सी जीवनसत्त्व मिळेल. दारू थांबवली तर चरबी चढलेलं लिव्हर काही आठवड्यांत सुधारू लागतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एका दिवसात झटक्यात सोडू नये. थरथर, झटके, भ्रम होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत. लिव्हर सांभाळायला सोबत काढा घेऊ?

घेऊ नका. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या लिव्हरवर ताण देऊ शकतात. मधेच कावीळ झाली तर ती गोळीनं झाली की काढ्यानं, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि डॉक्टरांना सगळंच थांबवावं लागेल. मळमळ, भूक मेली, लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे असं झालं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. नुसती लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. त्या रंगाला भिऊन गोळ्या सोडलेली माणसं मला माहीत आहेत.

पोरानं उंदराची पेस्ट चाटली, किंवा कोणी पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या खाल्ल्या. जाईपर्यंत घरी काय पाजायचं?

काहीही नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर दूध-तूप तर अजिबात नको. फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो, दुधानं तो लवकर अंगात शिरतो. आणि या विषाची लबाडी अशी की पहिले दोन-तीन दिवस पोर खेळतं, जेवतं. घरचे म्हणतात, वाचलं. मग लिव्हर बसतं. पॅरासिटामॉलचंही तसंच: पहिल्या दिवशी फक्त मळमळ. त्यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, तो आटलेलं ग्लुटाथायोन भरून काढतो. आठ तासांच्या आत सुरू झाला तर उत्तम काम करतो. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. ट्यूब, रिकामी पाकिटं सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७. मोठ्या माणसानं जाणूनबुजून घेतलं असेल तर ओरडायची ती वेळ नाही. दवाखान्यानंतर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोलता येतं.

निरोगी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. दारू पिणाऱ्याला निम्मीच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे मोजायला विसरतात.

फवारणीला जाताना दूध पिऊन जावं म्हणतात. आल्यावर गूळपाणी?

दुधानं फवारणीचं विष अडत नाही. ते बहुतेक कातडीतून आणि श्वासातून जातं. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या पाठीनं चालणं. घरी आल्यावर आधी साबणानं आंघोळ, मग चहा. तोंडाला लाळ, बुबुळं बारीक, घाम, धाप असं झालं तर डब्यासकट दवाखान्यात.

डोळे पिवळे म्हणजे लिव्हरच ना?

नेहमी नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि डोळे पिवळसर राहतात. अशा पोराला वर्षानुवर्षं "जुनी कावीळ" म्हणून पाला पाजला जातो आणि हाडं दुखतात ते कोणी विचारत नाही. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

तुम्ही स्वतः लिव्हर टॉनिक विकता की नाही?

विकतो. मार्जिनही बरं असतं. मागितलं तर देतो, पण पिवळे डोळे घेऊन कोणी मागितलं तर आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून या म्हणतो. एक-दोघं रागावून समोरच्या दुकानात गेले.

डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं की ते रागावतात. लपवलं तर?

रागावू द्या, पण सांगा. नुसतं "पाला घेतला" म्हणून उपयोग नाही. उरलेला पाला, पुडी, बाटली, ज्यानं दिली त्याचं गाव, किती दिवस, किती वेळा, सगळं न्या. गेल्या पावसाळ्यात एक आजी वेलाचा तुकडा लुगड्याच्या पदराला बांधून घेऊन आल्या होत्या. तो वेल मला ओळखता आला नाही. मी म्हटलं, आजी, तसाच बांधून ठेवा आणि डॉक्टरांसमोर सोडा.